एक पावसाळा जाऊ द्या, मग घरे तपासा

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय, स. न. वि. वि.

पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांना 2018 साली प्रित्झकर हा वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, त्याचा गौरव सर्वांनी केला. आपल्या खात्याने मात्र त्यांचा आधीचा एक सन्मान अभ्यासावा असे आम्हाला वाटते. त्यांनी आखलेल्या इंदूरच्या अरण्य या अल्प उत्पन्न गटासाठीच्या वसाहतीला 1995 साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. या पुरस्कारासाठी वास्तू किमान वर्षभर वापरात असावी लागते. निवडक कामांवर तज्ज्ञ स्वतः जातात, पाहणी करतात आणि मगच परीक्षक निर्णय घेतात.

अरण्यमध्ये सुमारे 85 हेक्टरवर 6,500 भूखंड आखले होते. सर्वांत लहान 35 चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला जोते, संडास, नळ आणि एक खोली मिळे. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नकाशावर असे घर अपुरेच दिसणार. त्याची खरी परीक्षा माणसे राहू लागल्यावरच होते.

आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळते तेव्हा इमारत रिकामी असते. सगळे नळ एकदम सुटलेले नसतात, भिंतींनी पाऊस झेललेला नसतो. संडासाच्या खोलगट स्लॅबमध्ये वीटतुकड्यांचा भराव असतो. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे सांडपाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा कच्चा राहिला की पाणी त्या भरावात साठते आणि खालच्या घराचे छत ओलावते. रहिवासी फरशीच्या फटींत पांढरे सिमेंट भरतात. त्याने काहीच होत नाही, कारण गळती फरशीखाली आहे! भराव काढून, ट्रॅपच्या गळ्यापर्यंत वॉटरप्रूफिंग नव्याने करण्यावाचून इलाज नाही, आणि तो खर्च गरिबाच्या माथी बसतो.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षे दोषदुरुस्तीची जबाबदारी विकासकावर आहे. पण रहिवाशाने तक्रार केली तर. म्हाडा आणि सिडकोच्या प्रत्येक नव्या वसाहतीची, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, खात्यानेच तपासणी करावी. पथकात बांधकामाशी संबंध नसलेला वास्तुविशारद, स्थापत्य अभियंता आणि अनुभवी प्लंबर हवा. प्रत्येक इमारतीत तळाचे, मधले आणि गच्चीखालचे घर बघावे. नहाणीत 48 तास पाणी तुंबवून खालचे छत तपासावे, सकाळच्या गर्दीच्या वेळी वरच्या मजल्यावर नळाला किती पाणी येते ते मोजावे, घरातल्या बायकांना स्वयंपाकघरातील उजेड आणि वारा याबद्दल विचारावे. अहवाल संकेतस्थळावर टाकावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत कंत्राटदाराची सुरक्षा अनामत सोडू नये.

ही अट पुढच्या निविदेपासूनच घालावी, ही विनंती.

आपले,
गृहनिर्माण क्षेत्रातील काही वास्तुविशारद व अभियंते