बँडमास्तर वाजवतो काय?

व्हिएन्ना
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

आजीला सांगा, भाकरवडी आणि लीलो चेवडो दोन्ही धड पोचलं. चेवड्याचा डबा ऑफिसात उघडला आणि तिथेच संपला. थंडी मरणाची आहे, पण मी मोजे घालते. तिचा पुढचा प्रश्न तोच असणार, म्हणून आधीच लिहिलं.

आता तुमचा प्रश्न. मागे फोनवर विचारलं होतंत, "तो बँडमास्तर वाजवत तर काहीच नाही, मग पैसे कशाचे घेतो?" मी हसण्यावारी नेलं, कारण उत्तर येत नव्हतं. परवा थोडंफार सापडलं.

ऑफिसातली एक मैत्रीण आजारी पडली आणि तिचं म्युझिकफेराइनचं तिकीट मला मिळालं. १८७० सालचं सभागृह आहे, सगळीकडे सोनेरी मुलामा, आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातला दरबार हॉल आठवावा असं. जागा मिळाली ऑर्गनच्या गॅलरीत, म्हणजे वादकांच्या मागे. बाकीच्यांना कंडक्टरची, म्हणजे तुमच्या बँडमास्तरची, पाठ दिसते, मला तोंड दिसत होतं.

बेथोवनची पाचवी सिंफनी होती. १८०८ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा याच गावात वाजली. ते थिएटर अजून उभं आहे, मी भाजी आणायला जाते त्या बाजाराजवळच. तीन आखूड सूर आणि चौथा लांब, ही तिची सुरुवात तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. पण कागदावर त्या तीन सुरांच्या आधी एक रिकामी जागा लिहिलेली आहे. पहिल्या ठोक्याला कोणीच वाजवत नाही. तो ठोका एकट्या कंडक्टरच्या हातात असतो. नाना, सम रिकामी!

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला तबल्याला हात लावू दिला नव्हतात. महिनोन्‌महिने नुसता हातावर ताल धरायला लावायचात, टाळी, खाली, टाळी. मला वाटायचं, वाजवायला देत नाहीत म्हणजे मला येत नाही. (पुढे मी शिकणं सोडलं त्याचं एक कारण तेच होतं. तुम्हाला कधी बोलले नाही.) परवा समोर एक पिकल्या केसांचा माणूस नेमकं तेच करत होता, आणि दीड-दोन हजार लोक श्वास रोखून बसले होते.

अजून एक गंमत. त्याचा हात खाली आला तेव्हा आवाज आलाच नाही. हात येऊन गेला आणि सूर मागून, सगळ्यांचे एकदम आले. मला वाटलं चुकले. इकडच्या ऑर्केस्ट्रांची रीतच तशी आहे म्हणे, हाताच्या किंचित मागून वाजवायची. हात आत्ताचं दाखवत नसतोच, पुढचं दाखवतो. तुम्ही तिहाईच्या आधी पेटीवाल्याकडे नुसती मान उचलून बघायचात ना, तसं.

आणि हे सगळं मैफिलीच्या दिवशीचं. खरं काम त्याआधीच झालेलं असतं. प्रत्येक वादकापुढे फक्त स्वतःच्या वाद्याचा कागद असतो, कंडक्टरपुढे सगळ्यांचा, एकाखाली एक ओळी रचलेला. त्यातही भानगडी. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीत सा लिहिलेला असतो आणि कानाला कोमल नी येतो. हे त्याने मनातल्या मनात फिरवत जायचं. लिहून का गाणं येतं, असं तुम्ही नेहमी म्हणता, पण १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी केली होती, हे मला तुम्हीच सांगितलंय.

या धंद्यातलं सगळ्यात अवघड मला हे वाटतं की रियाज घरी करता येत नाही. वाद्य म्हणजे ऐंशी-नव्वद माणसं, तीही एकेक उस्ताद. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर १९३३ पासून कायमचा कंडक्टर ठेवलेलाच नाही. वादक स्वतः कारभार बघतात आणि कंडक्टरला पाहुणा म्हणून बोलावतात.

मग माणूस शिकतो कुठे? झुबिन मेहतांचंच बघा. वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे, मुंबईत त्यांनी १९३५ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलगा डॉक्टरकीच्या वाटेला लागला होता, ती सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, इथे आला. हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टिंग शिकला, वाजवायला डबल बास घेतला. मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायच्या तर दार बंद. म्हणून तो आणि त्याचा सहाध्यायी क्लाउडियो अब्बाडो म्युझिकफेराइनच्या गायकवृंदातच भरती झाले. गाणारे वादकांच्या मागे उभे राहतात. म्हणजे मी परवा बसले होते साधारण तिथूनच त्यांनी कारायानचे, ब्रूनो वॉल्टरचे हात पाहिले असणार. मला तर शहाराच आला.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे. १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा, २६ व्या वर्षी लॉस एंजेलिसचा ऑर्केस्ट्रा, मग न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्रात तेरा वर्षं, आणि इस्राएल फिलहार्मोनिकशी तर पन्नास वर्षांचं नातं, २०१९ पर्यंत. आजीसाठी एक बातमी: हा गृहस्थ हॉटेलात जाताना काडेपेटीत मिरच्या घेऊन जातो.

पत्र वाचून झालं की आत्याला पुण्याला पाठवा, तिला वेगळं लिहायचा कंटाळा आलाय.

आणि एक काम. पणजोबांची बँडातली क्लॅरिनेट माळ्यावर ट्रंकेत असेल. बाबांना ती काढायला लावा (तुम्ही शिडीवर चढू नका) आणि तिच्यावर स्वराचं कुठलं अक्षर कोरलंय ते बघायला सांगा, ए की बी.

आजीला नमस्कार.

तुमची,
चिमी