शिशावर हळदीचा उतारा पुरेसा नाही

हळद-लसणाने अंगातले शिसे निघून जाते, असे संदेश आमच्याकडे मोबाइलवर फिरतात. हळदीतील कर्क्युमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन आणि लसणातील गंधकयुक्त द्रव्ये यांमुळे शिसे व कॅडमियम या विषारी धातूंची बाधा झालेल्या उंदरांच्या यकृताची हानी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले, हे खरे. पण तिथे अर्काच्या मोठ्या मात्रा देतात. भरितातल्या लसणाने ते साधत नाही. मुलाच्या रक्तात डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे निघाले, तर ते बांधून लघवीवाटे काढणारी सक्सिमरसारखी औषधेच लागतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उलट, सुटी हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हा शिसे असलेला पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. म्हणजे औषध समजून विषच पोटात!

आहाराचे महत्त्व आहेच. लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळणाऱ्या मुलांच्या अंगात शिसे कमी शोषले जाते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत शिशाची रक्ततपासणी मोफत व्हावी, शिसे असलेल्या जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या मुलांपासून सुरुवात करावी. अन्न व औषध प्रशासनाने आठवडे बाजारातल्या सुट्या हळदीचे नमुने नियमित तपासून निकाल जाहीर करावेत.

– एक वाचक, अमळनेर