ग्रंथपाल ताईंना, जुन्या बालवाङ्मयाच्या कपाटाबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई' म्हणते. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे, हे मी ठरवून ठेवलं होतं. मराठी बालवाङ्मयाच्या पहिल्या शंभर वर्षांवर मी जे लिहिते आहे, ते तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नावर उभं आहे. मुलांची सर्वांत जुनी छापील पुस्तकं हवीत असं मी म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, "मुलांसाठी केलेली हवीत, की मुलांच्या हातात गेलेली?" त्यानंतर प्रत्येक पुस्तक उघडताना मी आधी ते कोणत्या मुलासाठी आहे हे शोधू लागले.

बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातली पुस्तकं पहिल्यांदा या चाळणीतून गेली. १८१४ ची 'सिंहासन बत्तिशी', १८१५ चा 'हितोपदेश'. बोलक्या पुतळ्या, कोल्हे, सिंह, म्हणजे वरवर पाहता मुलांचाच खाऊ. पण मिशनरी विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने ही पुस्तकं सिद्ध केली ती कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांसाठी. मोडीत छापली तीही त्यांच्याच सोयीने, कारण पुढे कचेरीतले कागद त्यांना मोडीतच वाचायचे होते. त्या गोष्टींसमोर मराठी मूल कुठे बसलेलंच नव्हतं. आपण ती दोन्ही पुस्तकं यादीतून उचलून बाजूला ठेवली, आणि यादी एकदम खरी वाटू लागली.

मग तुम्ही मला तंजावरला नेलंत. १८०६ साली, म्हणजे मुंबईत मराठी पुस्तकांची छपाई मार्गी लागण्याच्याही आधी, तिथले मराठा राजे सरफोजी यांच्या नवविद्याकलानिधी छापखान्यात 'बालबोधमुक्तावली' छापली गेली. इसापच्या गोष्टींचं सख्खण पंडितांनी केलेलं ते मराठी रूप. मुलांसाठीचं आरंभीचं छापील मराठी पुस्तक कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात जन्मलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. राजांना शाळांची हौस होती आणि शिकणारी पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. माझ्या मते आपल्या बालवाङ्मयाचा इतिहास इथूनच सांगायला हवा, आणि तंजावरचं नाव तळटीपेत नाही, पहिल्याच ओळीत यायला हवं.

छापण्याआधीच्या गोष्टींचा धागाही तुम्हीच हातात दिलात. शेणाचं घर बांधणारा कावळा आणि मेणाचं घर बांधणारी चिमणी तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त भेटते. म्हणजे गोष्ट होतीच, ऐकणारं मूलही होतं. नव्हतं ते त्याला एकट्याने वाचता येईल असं सोपं मराठी गद्य. लिहायला मोडी, पाठांतराला श्लोक आणि ओव्या, हिशोबाला पाढे. बोलल्यासारखी सरळ वाक्यं छापून मुलापुढे ठेवायची तर ती नव्याने घडवावी लागणार होती.

म्हणूनच सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांना नुसते 'भाषांतरकार' म्हणून हातावेगळं केलेलं मला सहन होत नाही. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीसाठी १८२८ साली त्यांनी 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' केल्या. 'बाळमित्रा'चं मूळ बर्कें या फ्रेंच लेखकाचं, छत्र्यांच्या हाती ते इंग्रजीतून आलं. तुम्ही त्यातला एक उतारा मला मोठ्याने वाचायला लावलात, आठवतं? वाचताना जीभ कुठे अडखळते आणि कुठे सुरळीत धावते हे कानाला कळलं. बहुतेक ठिकाणी ती धावत होती. समोर फारसा मराठी नमुना नसताना हे साधणं लहान काम नव्हे.

या पुस्तकांच्या प्रती इतक्या कमी का, तेही तुमच्यामुळे उमगलं. मुलांचं पुस्तक हाताळून हाताळून फाटतं. शाळेचं असेल तर पुढच्या भावंडाकडे जातं आणि तिथे संपतं. पानं निखळली की ग्रंथालयही ते बाद करतं. त्यातून वाचली ती नीती, धर्म, क्रमिक पुस्तके अशा भलत्या विभागांत नोंदलेली, कारण जुन्या दाखल नोंदवहीत 'बाल' असा रकानाच नव्हता. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत त्या नोंदवह्या माझ्याबरोबर चाळल्यात. कड तुटणाऱ्या पानांची झेरॉक्स काढू दिली नाहीत, पण हाताने उतरवून घ्यायला खिडकीजवळची जागा दिलीत. तो नकारही मी आभारांतच धरते.

अमेरिकन मिशनच्या 'बालबोधमेवा' या मासिकाकडे (१८७२) मी आखडत्या मनाने वळले होते. त्यात धर्मप्रसार आहे, तो लपवलेलाही नाही. पण मुलांना दर महिन्याला स्वतःचं काहीतरी मिळावं ही कल्पना त्याने मराठीत रुजवली, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा कवी त्यात मुलांसाठी लिहिता झाला. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

आणि मग विनायक कोंडदेव ओक! १८८१ साली जावजी दादाजींच्या निर्णयसागरमधून निघालेल्या 'बालबोध' मासिकाचे बांधीव खंड तुम्ही टेबलावर ठेवलेत, तेव्हा माझा शोध खऱ्या अर्थाने मुक्कामाला पोचला. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, आणि यातलं बहुतेक सगळं ओकांच्या एकट्याच्या लेखणीतलं, तेही १९१४ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. शाळेने सक्ती केलेली नाही, परीक्षेत विचारणार नाही, तरी घरातलं मूल पुढच्या अंकाची वाट पाहतं, असा वाचक या माणसाने तीन दशकं सांभाळला. उपदेश आहे, भरपूर आहे. पण तारे, प्राणी, यंत्रं यांविषयी सांगताना ते मुलाला समजणार नाही असं गृहीत धरत नाहीत. मुलाच्या बुद्धीवरचा हा विश्वास मला आजच्या कितीतरी गुळगुळीत पुस्तकांत सापडत नाही. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली 'आनंद' काढला तेव्हा वाचायला आतुर असलेली मुलं तयार होती, ती ओकांनी तयार केलेली होती. 'शब्दरत्नाकर'सारखा कोश करणाऱ्या आपट्यांनी मुलांसाठी मासिक चालवावं, याचा तुम्हाला झालेला आनंद मी पाहिला आहे.

ताई, हे सगळं तुमच्या कामाच्या यादीत कुठेच बसत नाही. पुस्तक देणं-घेणं आणि नोंद करणं एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी कुणी बोल लावला नसता.

आपण नोंदवह्यांतून वेचलेल्या पुस्तकांची दाखल क्रमांकांसह यादी मी टंकून घेतली आहे. तिची एक प्रत ग्रंथालयासाठी घेऊन येते. पुढची बाद पुस्तकांची छाननी होईल तेव्हा ती यादी समितीपुढे ठेवाल का? आणि पुठ्ठा सुटलेले 'बालबोध'चे खंड बांधणीला द्यायचे झाले, तर तो खर्च कृपा करून मला उचलू द्या.

तुमची कृतज्ञ,
खिडकीजवळच्या टेबलावरची वाचक