तासगावच्या आबांना, लेस्टरहून

लेस्टर, रविवार

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. वहिनी वाचून दाखवेल.

काल रात्री एक जुना ब्रिटिश भयपट पाहिला. ‘सर्कस ऑफ हॉरर्स’, १९६० चा. कव्हरवर सर्कस दिसली आणि तुमच्या सर्कशीतल्या दिवसांची आठवण झाली, म्हणून लावला. भुतंखेतं नाहीत त्यात, सगळी माणसंच.

१९४७ साली इंग्लंडमधल्या एका सर्जनच्या हातून एका बाईच्या चेहऱ्याचं ऑपरेशन बिघडतं आणि तो फ्रान्सला पळतो. तिथं एक डबघाईला आलेली सर्कस. मालकाच्या लहान मुलीचा चेहरा लढाईत बॉम्बनं विद्रूप झालेला. डॉक्टर तो नीट करतो. बाप हरखून सर्कस त्याच्या हाती देतो, आणि दारूच्या भरात अस्वलाबरोबर नाचायला जातो. अस्वल त्याला मारतं. डॉक्टर बघत उभा राहतो, हात लावत नाही. मालकाचं काम डोनाल्ड प्लेझन्सनं केलंय. पंधरा-वीस मिनिटंच असेल, पण तो गेल्यावर जीव हळहळतो.

पुढं हा डॉक्टर चेहरा बिघडलेल्या, गुन्हेगारीत अडकलेल्या बायका हेरतो, त्यांना देखण्या करतो आणि रिंगणात उतरवतो. कुणी सोडून जायचं म्हटलं की अपघात. एकीच्या मानेत सुरी बसते. अपशकुनी सर्कस म्हणून गाजावाजा होतो, तशी गर्दी वाढतच जाते.

सर्कस मात्र खरी आहे, आबा. इथल्या बिली स्मार्टच्या सर्कशीतले खेळ घेतलेत. एलिसा नावाची मुलगी वर दोराला लटकून गरगर फिरते आणि मागं ‘लुक फॉर अ स्टार’ हे गोड गाणं चालू असतं. ते गाणं त्या साली इथं चांगलं गाजलं होतं. मग ती खाली कोसळते. मी तिच्याकडं बघतच नव्हते. माझी नजर दोरावर होती. तुम्ही लावलेली सवय! मिरजेला मला सर्कस बघायला नेलंत, तेव्हा सगळे झुल्यावरच्या मुलींकडं बघत होते आणि तुम्ही खुंटीकडं. खेळ सुटल्यावर तिथल्या माणसाला विचारून तुम्ही दोर तळहातातून सरकवत नेलात, एके जागी थांबलात आणि अंगठ्यानं पीळ उलगडून आतला कुजका पेड मला दाखवलात. वरून दोर नवाकोरा दिसत होता.

सिनेमात रक्त आहे, पण मला भीती त्याची नाही वाटली. वर लटकलेल्या पोरीला खाली कुणी काय केलंय ते दिसत नसतं, त्याची वाटली.

आमच्या वॉर्डात भाजलेले, चेहऱ्याची ऑपरेशनं झालेले लोक असतात. भूल चढताना माझा हात घट्ट धरतात. इथं ईस्ट ग्रिनस्टेड गावात डॉक्टर मॅकिंडो यांनी दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात पुन्हा उभे केले. बरे होत असतानाच ते त्यांना गावात हिंडायला पाठवायचे, आणि गावकरी त्यांच्याकडं टक लावून बघत नसत. अजूनही त्या गावाची हीच ओळख सांगतात. मॅकिंडो १९६० सालीच गेले, हा सिनेमा आला त्याच वर्षी. पडद्यावरचा डॉक्टर बघताना मला राहून राहून त्यांचीच आठवण येत होती.

आबा, एक विचारायचं राहूनच गेलंय. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपल्याकडची पहिली सर्कस काढली इथपासून सगळं तुम्ही सांगितलंत, पण तुम्ही तंबूवर होता तेव्हा खेळाआधी दोर शेवटचा कोण तपासायचं? तुम्ही, की जी वर चढणार तीच? वहिनीला सांगा, ती लिहून घेईल.

गुडघ्याचं तेल पाठवलंय. आईला नमस्कार, चिंटूला पापा.

तुमची,
शुभा