ज्यांनी आमचा कोड चालवून पाहिला, त्या समीक्षकांस

आदरणीय समीक्षक,

समीक्षा निनावी असल्यामुळे आपण कोण, कुठल्या देशातले, हे मला आजही ठाऊक नाही. म्हणून हे आभारपत्र जाहीरपणे लिहीत आहे.

सीटी स्कॅनवर डाव्या-उजव्या मूत्रपिंडाची सीमा आखून देणारे आमचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आम्ही आधी एका मोठ्या परिषदेकडे पाठवले होते. ‘नावीन्य अपुरे’ असा शेरा घेऊन लेख परत आला, आणि तो शेरा खोटा नव्हता: आमची मेहनत नव्या सूत्रात नव्हती, ती चाचण्यांत, माहितीपुस्तिकेत आणि कुणालाही सहज बसवता येईल अशा मांडणीत होती. लेखकांची ओळख झाकण्यासाठी कोडचा दुवाही काढावा लागला होता. मुक्तस्रोताचा लेख, आणि स्रोत तेवढा बंद!

पुढे एका कार्यशाळेत तो आपल्याकडे आला. आपण तो वाचून थांबला नाहीत. कोड उतरवून घेतलात, आपल्याकडचे स्कॅन त्यातून काढलेत आणि यकृत डाव्या बाजूला दिसत असल्याचे कळवलेत. डायकॉम आणि निफ्टी हे स्कॅन साठवण्याचे दोन फाइल-प्रकार; डायकॉममध्ये आडवा अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, निफ्टीमध्ये उजवीकडे. आम्ही स्वतः लिहिलेल्या फाइल-वाचकात ते चिन्ह उलटायचे राहून गेले होते. आमच्या सगळ्या चाचण्या डायकॉमवरच्या, आणि दोन्ही मूत्रपिंडे साधारण सारखीच दिसतात, त्यामुळे वर्षभर आम्हां तिघांपैकी कुणालाही शंका आली नाही. शस्त्रक्रियेच्या आखणीत अशा अदलाबदलीचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

आयटीके या वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २००५ मध्ये ‘इनसाइट जर्नल’ सुरू केले, तेव्हा लेखासोबत कोड, मूळ प्रतिमा, वापरलेली मूल्ये आणि आलेले निकाल हे सारे मागितले, जेणेकरून समीक्षकाला तोच निकाल स्वतः काढून पाहता यावा. हे धोरण मी पूर्वी कौतुकाने वाचले होते. त्याचा अर्थ मात्र आपल्या समीक्षेने कळला. छापील लेखात आपला उल्लेख ‘निनावी समीक्षक’ एवढाच करता आला, याची रुखरुख आहे.

ती चूक त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. आता कोडमध्ये कुणीही बदल केला की सर्वांत आधी निफ्टी फाइलवरची एक चाचणी चालते, आणि यकृत उजवीकडे नसेल तर तो बदल तिथेच अडतो.

आपला कृतज्ञ,
लेखकांपैकी एक, पुणे