आई, या सीझनला तू नेट्सला चल

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई लगेच "जेवलीस का" वर येते आणि बाबा तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बातम्या बघत बसता, म्हणून लिहूनच काढतेय. आईला चष्मा सापडत नसेल तर बाबा तुम्ही वाचून दाखवा, पण मधलं काही गाळू नका.

आधी बातमी. हा सीझन माझा शेवटचा. खांदा आता सलग दहा ओव्हर्स टाकू देत नाही, आणि रडतखडत खेळायची माझी इच्छा नाही. नोकरीची काळजी करू नका, रेल्वेची नोकरी आहेच, पुण्याला बदलीचा अर्ज पण दिलाय. लेव्हल वन कोचिंगचा कोर्स करतेय आणि पुण्यात मुलींना बोलिंग शिकवायची आहे. त्यासाठी मला आई हवी आहे. सल्ला द्यायला नाही, प्रत्यक्ष नेट्समध्ये उभी राहायला.

आता तू म्हणशील, मला कोण विचारतंय, आमचं काय ते हौसेचं क्रिकेट. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि मला ते कधीच पटलेलं नाही, आज सविस्तर सांगते का ते.

आई-वडिलांच्या मागे क्रिकेटमध्ये आलेल्यांबद्दल लोक एकच गोष्ट बोलतात, आडनावाचं ओझं. रोहन गावसकर भारताकडून 11 वनडे खेळला, बंगालकडून इतकी वर्षं रन्स केले, तरी पहिलं वाक्य वडिलांवरच. अर्जुन तेंडुलकरने डिसेंबर 2022 मध्ये गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक मारलं तर त्याच दिवशी सगळ्यांनी 1988 चं सचिनचं पदार्पणातलं शतक काढून शेजारी ठेवलं. आपल्या पुण्यातलेच कानिटकर बघा, हेमंत कानिटकर 1974 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दोन टेस्ट खेळले आणि त्यांचा मुलगा हृषीकेश पण दोनच टेस्ट खेळला, ऑस्ट्रेलियात. पण ढाक्यात पाकिस्तानच्या सकलेनला मारलेला त्याचा तो चौकार आख्ख्या देशाला पाठ आहे, आणि पुढे कॅप्टन म्हणून त्याने राजस्थानला रणजी जिंकून दिली, हे मला वडिलांच्या सावलीत राहणं अजिबात वाटत नाही.

माझं मात्र उलटंच होतं. मी ग्राउंडवर गेले तेव्हा तुझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. राज्याकडून खेळलेल्या बाईची मुलगी म्हणून कुणी माझ्याकडे बघितलं नाही, एका सिलेक्टरने तर मला विचारलं होतं, घरात कुणी खेळलंय का, वडील वगैरे? मी म्हटलं आई. तो हसला आणि पुढच्या मुलीकडे वळला. मला तेव्हा इतका राग आला होता की त्या दिवशी ट्रायलमध्ये मी एकही बॉल आखूड टाकला नाही. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

लोकांना माहीतच नाही गं. 1973 च्या एप्रिलमध्ये महिलांची पहिली नॅशनल स्पर्धा झाली ती आपल्या पुण्यात, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, फक्त तीन टीम्स. तू तेव्हा शाळेत होतीस, आजोबांच्या सायकलवर बसून बघायला गेलेलीस. 1976 मध्ये पाटण्यात शांता रंगास्वामींच्या भारतीय टीमने वेस्ट इंडिजला हरवून आपली पहिलीवहिली टेस्ट जिंकली, त्या सिरीजमध्ये आपल्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी खेळत होत्या, आणि तू ठरवलंस की आपणही स्पिनच टाकायची. मग तुमचे ते प्रवास, विनारिझर्वेशनचा डबा, रात्रभर कीट बॅगवर आळीपाळीने बसणं, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपणं, टीममध्ये बॅटी मोजक्याच त्यामुळे आउट झालेलीने परत येताना आत जाणारीच्या हातात बॅट द्यायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या पिचवर, ओव्हर्स टाकायच्या. याला हौस म्हणतात का? पैसे मिळत नव्हते एवढाच फरक होता, बाकी मी जे करते तेच सगळं तू करत होतीस, आणि बँकेतली नोकरी सांभाळून, वरून रजेसाठी मॅनेजरच्या विनवण्या करून.

मला पगार मिळतो कारण कुणीतरी आधी भांडलंय. ऐंशीच्या दशकात रेल्वेने बायकांची टीम काढली त्यात भारताच्या कॅप्टन राहिलेल्या डायना एडलजींचा केवढा वाटा होता, ती टीम नसती तर आज माझ्यासारख्या कितीतरी मुली नोकरीवर नसत्या. 2006 मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं तेव्हा मी अंडर-19 च्या वयाची होते, म्हणजे तुझं सगळं क्रिकेट त्या रेषेच्या अलीकडे आणि माझं सगळं पलीकडे. 2021 मध्ये सीनियर मुलींची डोमेस्टिक मॅच फी दिवसाला 12,500 वरून 20,000 झाली, 2022 मध्ये भारताकडून खेळणाऱ्या मुलींची मॅच फी मुलांइतकी केली, टेस्टला 15 लाख. हे आकडे मी तुला सांगितले तेव्हा तू फक्त "बरं झालं" म्हणालीस आणि भाजी निवडत राहिलीस. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं हे मला अजून विचारायचं आहे.

डब्ल्यूपीएलचं, म्हणजे मुलींच्या आयपीएलचं, पहिलं ऑक्शन आठवतंय ना, फेब्रुवारी 2023. स्मृती मंधाना 3 कोटी 40 लाखांना गेली तेव्हा बाबा तुम्ही टाळ्या वाजवल्या, सांगलीची पोरगी म्हणून. मग आपण तिघं माझ्या नावाची वाट बघत बसलो आणि ते पुकारलंच नाही. बाबांनी काही न बोलता चहा टाकला. आई, तू विचारलंस, "उद्या नेट किती वाजता आहे?" मी म्हटलं सहा. तू साडेपाचला मला उठवलंस. सांत्वन करणारे खूप भेटले त्या आठवड्यात, पण मी पुढे खेळत राहिले ते तुझ्या त्या एका प्रश्नामुळे.

आणि बाबा, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. ऑफिसातून दमून यायचात आणि गल्लीत स्टम्प म्हणून गॅसचं रिकामं सिलिंडर ठेवून मला सीझन बॉलने कॅचेस द्यायचात, शेजारच्या काकू ओरडल्या तरी. क्रिकेटमधलं तुम्हाला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज न चुकता यायचात. मुलगी काळवंडेल, लग्न कसं होईल, हे बोलणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही जे उत्तर दिलंत ते इथे लिहीत नाही, पण मला पाठ आहे.

आता मुद्द्याचं. ऑफ-स्पिन शिकवणारे पुष्कळ आहेत पण तुझ्यासारखं कुणी शिकवत नाही. तू माझा हात हातात घेऊन पहिली दोन बोटं सीमवर इतकी ताणून ठेवायचीस की मधली कातडी दुखायची, अनामिका खाली नुसती टेकलेली, आणि म्हणायचीस दाराची गोल मूठ फिरवतेस तशी फिरव. पहिल्या बोटाच्या पेराला आतून घट्टा पडला पाहिजे, नाही पडला तर तू बॉल फिरवत नाहीयेस, नुसता सोडतेयस. तुझ्या बोटाचा घट्टा अजून हाताला लागतो, माझाही तिथेच आहे. मॅटिंगवर बॉल आपोआप पकडतो आणि उसळतो, त्यावर शिकलेल्या बायकांनी टर्फवर फ्लाइट कशी द्यायची हे तू स्वतः शोधून काढलंस. हल्ली मुली सगळ्या फ्लॅट टाकतात, टी-ट्वेंटीमुळे, वर टाकायलाच घाबरतात. वर टाकून मार खायची हिंमत तू शिकवतेस, ते मला तुझ्याइतकं जमणार नाही.

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र आठव. डी वाय पाटीलला वर्ल्ड कप फायनलमध्ये आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं, दीप्ती शर्माने ऑफ-स्पिन टाकून पाच विकेट्स काढल्या, आणि नंतर मुलींनी कप नेऊन आधीच्या पिढीच्या मिताली राज आणि झुलन गोस्वामीच्या हातात दिला. तेव्हा मध्यरात्र उलटली होती तरी तू टीव्हीच्या अगदी जवळ उभी होतीस. आणि त्या टीमचा कोच कोण, तर अमोल मुझुमदार. फर्स्ट क्लासमध्ये 11,000 च्या वर रन्स, इंडियाची कॅप एकदाही नाही. त्याला कुणी विचारलं का, तू तर इंडिया खेळला नाहीस, तू काय शिकवणार? मग तू स्वतःला हा प्रश्न का विचारतेस?

तुझ्या मॅचेसचे स्कोअरकार्ड मला कुठेच सापडले नाहीत, खूप शोधले. त्यामुळे बाबा, कपाटावरची ती निळी फाइल खाली काढून ठेवा, त्यात आईची सर्टिफिकेट्स आणि टीमचा फोटो आहे. कोचिंगच्या पत्रकावर मला आईचं नाव माझ्या आधी छापायचं आहे, खाली "महाराष्ट्र संघ" असं लिहून, त्यासाठी वर्षं बरोबर लागतील.

आई, गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून घे, तू खुर्चीत बसून शिकवलंस तरी चालेल. आठवड्यातून दोन सकाळी, बाबा तुम्ही स्कूटरवर सोडायचं. शेवटची मॅच झाली की मी दुसऱ्याच दिवशी घरी येतेय, तोपर्यंत नवे स्पोर्ट्स शूज घेऊन ठेव, त्या चपलांवर मी तुला ग्राउंडवर येऊ देणार नाही.

तुमची,
छोटी