उन्हाळ्यात गौताळ्यात काही नसतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठवाड्यातल्या सहलीच्या ठिकाणांवर पानभर मजकूर आला होता. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या चौकटीत म्हटलं होतं की जायचं तर जुलै ते ऑक्टोबर, उन्हाळ्यात तिथं बघण्यासारखं काही उरत नाही. लिहिणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. सगळीकडे हेच छापून येतं आणि एकाचं बघून दुसरा लिहितो. पण मी कन्नड गावचा. एसटीत वाहक होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं कन्नड-चाळीसगाव मार्गावर गेली. औट्रम घाट लागेपर्यंत माझी तिकिटं फाडून झालेली असायची, गाडी दुसऱ्या गिअरवर रांगायची आणि मला खिडकी मोकळी मिळायची. त्या खिडकीतून हे जंगल मी बाराही महिने पाहिलंय. म्हणून हे पत्र.

होळी झाल्यावरच्या रविवारी नातीला घेऊन हिवरखेड्याच्या गेटवर गेलो. ती नववीत आहे, परीक्षा तोंडावर होती आणि सूनबाईंची परवानगी मिळवायला जंगलखात्याच्या परवानगीपेक्षा जास्त वेळ लागला. गेटवर नाव लिहून आत शिरलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. सोबतीला तांड्यावरचे एक गुराखी मामा होते, माझे जुने प्रवासी. मला अजून ‘मास्तर’च म्हणतात.

गेटच्या आत वळण घेतलं की पळस सुरू होतो. अंगावर पान नाही, नुसता केशरी बहर. पान नसल्याने पाखरांना तो लांबून दिसतो आणि झाडाचं कामही पाखरांवरच चालतं. फुलात चोच घातली की पराग त्यांच्या डोक्याला लागतो आणि पुढच्या झाडावर जातो. एका पळसावर जांभळा शिंजीर होता. हिवाळ्यात याच नराच्या पोटावर फक्त एक काळी रेघ असते, बाकी मळकट पिवळा. विणीच्या दिवसांत तो सगळा निळा-जांभळा चकाकतो. नातीने पुस्तकात दोन्ही चित्रं पाहिली होती, पण एकच पक्षी आहे यावर तिचा विश्वास नव्हता. ज्याला हा रंग बघायचाय त्याने ऑगस्टात येऊन काय उपयोग?

पुढे ओढ्याकाठी काटेसावर. तिचा बहर उतरणीला लागला होता, तरी वरच्या फांद्यांवर भोरड्या बसल्या होत्या, आणि यात्रेची जादा गाडी सुटावी तसा कल्ला. फुलात मान बुडवून रस प्यायच्या, शेजारणीला टोचायच्या, एकदम उडायच्या, पुन्हा तिथंच. आपल्याकडे भोरडी सगळ्यांना माहीत असते ती ज्वारीवरची. हुरड्यात आलेल्या कणसांवर थवा उतरला की गोफण काढायची, एवढीच तिची ओळख. पण ज्वारी निघाल्यावर परत जाण्याआधी ती पळस-सावरीच्या रसावर जगते हे कुणी सांगत नाही. एप्रिलात हे थवे मध्य आशियाकडे जातात आणि तिकडे टोळ खाऊ घालून पिल्लं वाढवतात. मी मामांना म्हटलं, आपली ज्वारी खाल्ल्याचं ती तिकडे टोळ खाऊन फेडते. मामा म्हणाले, “तिकडं फेडून आमाला काय मास्तर?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सावरीखाली वानरांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फुलांचा खच होता. त्याच्यावर पुढे भेकरं, नीलगायी येतात. ताज्या लेंड्या मामांनी दाखवल्या. बिबट्याही या जंगलात आहेच, आम्हाला दिसला नाही आणि नातीसोबत असताना दिसायला नको होता.

फुलं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोनकीचं पिवळं पठार येतं. तेही सुंदर, मी नाही म्हणत नाही. पण फाल्गुन-चैत्रात फुलं बघायची तर मान वर करावी लागते. कड्यावर सोनसावर होती, उघड्या फांद्यांच्या टोकाला वाटीएवढी पिवळीधमक फुलं. दरीच्या कडेला पांगारा लाल. धायटीच्या शेंदरी नळ्या तर हाताशी येतात. जमिनीवर फार काही नाही हे खरं, वाटेच्या कडेला जांभळी भुईरिंगणी आणि तरवड, बस्स. करवंदाच्या जाळ्या मात्र पांढऱ्या झाल्या होत्या आणि वास आधी येत होता, जाळी नंतर दिसत होती. चैत्र लागला की अंजनाला तांबूस पालवी येते, मग बहावा, कुडा. एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा सुरू होतो. हे चार महिने तुमच्या चौकटीत ‘काही नाही’मध्ये गेले.

गौताळा तलावाचं पाणी उतरून काठाला चिखल पडला होता आणि म्हणूनच तिथे पाखरं होती. लांब लाल पायांचे शेकाटे, तुतवार, उत्तरेकडे निघायची घाई न झालेले धोबी. काठावरच्या दगडात टिटवीची जोडी आम्हाला बघून एवढी ओरडली की अंडी जवळ असणार हे ओळखून आम्ही वाट सोडली. तिथून वरच्या नाल्यात थोडा ओलावा होता. तिथे स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर दिसला, शेपटीच्या दोन लांब फिती हलवत पाण्याला शिवून परत फांदीवर. त्याचं वर्णन करत बसत नाही. त्याच्याबद्दल एक तक्रार मात्र आहे. मोठ्या कॅमेऱ्याचे दोघेजण आमच्या आधीच तिथे बसले होते आणि मोबाइलच्या स्पीकरवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावत होते. विणीच्या तोंडावर असा खोटा आवाज ऐकून पक्षी आपली हद्द राखायला धावत राहतो. नातीने त्यांना हे सांगितलं, मी सांगणार होतो त्यापेक्षा सभ्य भाषेत. त्यांनी बंद केलं, हेही नोंदवतो.

परतताना पावशा ओरडायला लागला होता. पेरणीला अजून अडीच-तीन महिने आहेत, पण तो आतापासून घाई करतो. साडेनऊनंतर ऊन चढलं आणि सगळं गप्प झालं, आम्हीही निघालो.

आता मूळ मुद्दा. वाटेत एका उतारावर काळा पट्टा लागला. वणवा होऊन गेला होता. गवत गेलं होतं, करवंदाच्या जाळ्या करपल्या होत्या, एका उभ्या पळसाची खालची बाजू जळून वरच्या फांदीवर फुलं तशीच होती. वनखात्याच्या हिशेबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. तितर, लावा, टिटवी, रातवा याच दिवसांत जमिनीवर अंडी घालतात, झाडावर नाही. म्हणजे आग नेमकी त्यांच्या अंगावरून जाते. आणि नेमके हेच महिने जंगलात माणूस नसतो. श्रावणात रविवारी गेटवर गाड्यांची रांग, धबधब्याखाली स्पीकर, वेफर्सच्या पुड्या. मार्चमध्ये २६० चौरस किलोमीटरवर नजर ठेवायला मोजके वनरक्षक. धूर दिसायला कुणी नाही, दिसला तर फोन करायला कुणी नाही. आग पसरू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढतात, पण वाऱ्यावर उडालेली ठिणगी रेषा बघून थांबत नाही.

आग कोण लावतं यावर गावात बसलं की बोट लगेच तांड्याकडे जातं. जळालं की गवत चांगलं फुटतं अशी समजूत काही गुरं राखणाऱ्यांत आहे, ते खोटं नाही. पण घाटात गाडी थांबवून विझवल्याशिवाय विडी-सिगारेट फेकणारे मी नोकरीत रोज पाहिलेत आणि ते तांड्यावरचे नव्हते.

माझं म्हणणं एवढंच की पावसाळ्यातली निम्मी गर्दी नाही, चार-दोन माणसं जरी होळी ते अक्षय्य तृतीया सकाळी या वाटांवर चालली तर धूर वेळेत कळेल. वनखात्याने शनिवार-रविवार पहाटे तांड्यावरच्या, हिवरखेड्याच्या पोरांना वाटाड्या म्हणून सोबत द्यावं, त्यांना त्याचे पैसे मिळावेत. आमच्या मामांना सावरीखालच्या लेंड्यांवरून जे कळलं ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. ज्याला जंगल उभं असल्याचे पैसे मिळतात तो ते जळू देणार नाही, आणि पन्नास फलकांनी जे होत नाही ते त्याने होईल. १९८६ साली अभयारण्य झालं तेव्हापासून फलक लागतच आहेत.

लोक येणार नाहीत असं कुणी म्हणेल. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथे कॅमेऱ्यात आला तेव्हा आख्खं शहर गौताळ्याच्या गप्पा मारत होतं. तो महिना मार्च होता. वाघाला कुणी सांगितलं नसावं की जुलैपर्यंत इथं काही नसतं.

तेव्हा पुरवणीतली चौकट कृपया दुरुस्त करावी. जागा असेल तर सोबत एवढं छापा: उजाडायच्या आत पोचा, दहाला परत फिरा, प्रत्येकी दोन लिटर पाणी, भडक कपडे नकोत, आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांना जाणार असाल तर अत्तर लावू नका, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात. गाडी नसलेल्यांसाठी कन्नड आगाराने मार्च-एप्रिलात रविवारी पहाटे हिवरखेड्यापर्यंत एक फेरी सोडावी, असा अर्ज मी देणार आहे. भारमान भरत नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी मिळत नाहीत, असं उत्तर येईल, ते मला पाठ आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत त्या उत्तराचे आकडे मीच भरून द्यायचो.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर